टेरोसॉरचं घराणं कसं ठरलं?

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू. टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातले उडणारे सरीसृप, हे डायनोसॉर नव्हेत. खेळण्यांच्या डब्यात, चित्रांच्या पुस्तकात आणि सिनेमात दोघं कायम शेजारी असतात, म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात टेरोसॉर हे डायनोसॉरांचे चुलत भाऊबंद. पक्षी मात्र थेट डायनोसॉरांच्या वंशातले. म्हणजे वर्गीकरणाच्या काटेकोर हिशेबात अंगणातली चिमणी डायनोसॉर ठरते आणि दहा मीटर पंखांचा तो अक्राळविक्राळ उडता प्राणी ठरत नाही.

हा हिशेब कोणी, कशाच्या जोरावर मांडला? हाताशी होती ती फक्त हाडं, आणि तीही बहुतेक चेपलेली, तुटलेली, अर्धवट. टेरोसॉरची हाडं पोकळ, कित्येकदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ भिंतींची. उडायला ती उत्तम, पण दगडात टिकून राहायला तितकीच नालायक. त्यामुळे या प्राण्यांची वंशावळ म्हणजे थोड्याशा नशीबवान दगडांवर चाललेला अडीचशे वर्षांचा वाद आहे.

वादाची सुरुवात जर्मनीतल्या मानहाइममध्ये झाली. तिथल्या राजाच्या निसर्गसंग्रहाची देखरेख कोझिमो कोलिनी करत असे. आधी तो फ्रेंच लेखक व्होल्तेअरचा सचिव होता. बव्हेरियातल्या झोल्नहोफेन परिसरातल्या खाणींतून आलेली चुनखडीची एक फरशी या संग्रहात होती. ही चुनखडी इतकी बारीक पोताची की पुढे शिळाप्रेसवर छपाईसाठी तिचीच निवड झाली. या फरशीत लांब चोच, चोचीत दात आणि हाताला एक अवाजवी लांब बोट असलेला छोटा सांगाडा होता. १७८४ मध्ये कोलिनीने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा पक्षी नाही, वटवाघूळही नाही, हे त्याला कळलं होतं. बहुधा समुद्रातला कुणीतरी असावा, असा त्याचा अंदाज होता.

पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए या शरीररचनातज्ज्ञाने मूळ फरशी न पाहता, कोलिनीने छापलेल्या चित्रावरूनच १८०१ मध्ये निकाल दिला की हा उडणारा सरीसृप आहे. कवटीला जबडा जोडणारं हाड आणि सगळे एकाच साध्या घडणीचे दात सस्तन प्राण्याचे असू शकत नाहीत, हा त्याचा मुद्दा होता. १८०९ मध्ये त्याने या प्राण्याला टेरोडॅक्टिल हे नाव दिलं. पण सगळ्यांना ते पटलं नाही. झ्योमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये त्याच सांगाड्याला वटवाघळाच्या जवळचा सस्तन प्राणी ठरवलं. १८३० मध्ये वाग्लर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने तर त्या लांब बोटाचं वल्हं केलं आणि प्राण्याला पोहायला लावलं! फरशी एकच, आणि तिच्यात दर माणसाला वेगळा प्राणी दिसत होता. या मंडळींना हसण्यात अर्थ नाही. ज्या प्राण्याचा एकही नातेवाईक तोवर कुणी पाहिला नव्हता, त्याची जागा ठरवायची तरी कशाच्या आधारे?

आता पंखाकडे नीट पाहू, कारण सगळी ओळख तिथेच आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये स्वतःच्या बळावर उडणं तीनदा आणि तीन वेगळ्या रीतींनी साधलं. पक्ष्याचा पंख पिसांचा. वटवाघळाचा पंख अनेक लांब बोटांमध्ये ताणलेल्या कातडीचा. टेरोसॉरचा पंखही पडद्याचाच, पण बाहेरच्या बाजूने तो पेलला होता एकट्या चौथ्या बोटाने. उरलेली तीन बोटं आखूड आणि नखांची, पकडायला किंवा जमिनीवर टेकायला मोकळी. मनगटापासून खांद्याच्या दिशेला एक बारीक काठीसारखं हाड निघायचं आणि ते पुढच्या छोट्या पडद्याला ताण द्यायचं. हे हाड दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात नाही. म्हणून दगडात लांबलचक चौथं बोट आणि हे मनगटाचं हाड दिसलं की टेरोसॉर ओळखायला वेळ लागत नाही. त्या टेरोसॉरचे जवळचे कोण आणि लांबचे कोण, हे ठरवणं मात्र फार कठीण.

इथे वर्गीकरणाची एक अट समजून घ्यावी लागते. दोन प्राणी एकमेकांसारखे दिसतात म्हणून ते जवळचे, असं आता कुणी मानत नाही. मोजायचं ते नव्याने आलेलं आणि वाटून घेतलेलं लक्षण. एखाद्या घराण्यात सगळ्यांना दोन डोळे असतात, त्यावरून कोण कुणाच्या शाखेतलं ते कळत नाही; पण पणजोबांपासून हनुवटीवर खळी आली असेल आणि ती चौघांतच दिसत असेल, तर त्या चौघांची शाखा एक असण्याची शक्यता वाढते. हाडांचंही तसंच. चार पाय, शेपूट, दात ही जुनी मालमत्ता, ती सगळ्यांकडेच असते. घोट्याचा सांधा बिजागरीसारखा होणं, मांडीच्या हाडाचं टोक आतल्या बाजूला वळणं अशी नवी लक्षणं शोधायची. शेकडो लक्षणांचे तक्ते करायचे, आणि कमीत कमी बदलांत सगळं जुळवून देणारी वंशावळ कोणती, ते संगणकाकडून तपासून घ्यायचं. यात एक धोका कायम राहतो. एकच लक्षण दोन घराण्यांत स्वतंत्रपणेही येऊ शकतं. धावणाऱ्या प्राण्यांचे पाय नात्याशिवायही एकमेकांसारखे होतात. नेमक्या याच कारणावरून, टेरोसॉर आणि डायनोसॉर यांचं नातं पायांच्या हाडांवर उभं आहे म्हणून ते कच्चं आहे, असा आक्षेप काही अभ्यासक अनेक वर्षं घेत होते.

आक्षेप बिनबुडाचा नव्हता. टेरोसॉर दगडात पहिल्यांदा दिसतात ते सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात, आणि दिसतात तेच पूर्ण पंखांसह. इटलीत बेर्गामोजवळ सापडलेला आणि १९७३ मध्ये वर्णन झालेला युडिमॉर्फोडॉन हा सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याचं चौथं बोट पूर्ण वाढलेलं आहे. अर्धा पंख, पाऊण पंख असलेला पूर्वज आजतागायत सापडलेला नाही. वटवाघळांच्या बाबतीतही साधारण हीच रड आहे. छोट्या, नाजूक हाडांचे, बहुधा झाडाझुडपांत राहणारे प्राणी जीवाश्म व्हायला फारसे योग्य नसतात.

कोंडी फुटली ती पंखाकडून नव्हे, कानाकडून. लॅगरपेटिड नावाचा छोट्या, न उडणाऱ्या प्राण्यांचा एक गट बऱ्याच वर्षांपासून माहीत होता. त्यांचे मुख्यतः मागचे पायच सापडले होते, आणि त्यावरून त्यांना डायनोसॉरांचे पूर्वसूरी समजलं जाई. मग अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका आणि मादागास्करमधून कवटीचे, जबड्याचे, हातांचे तुकडे मिळत गेले. अर्जेंटिनाचे मार्टिन एझकुर्रा आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या आतल्या पोकळ्या सीटी स्कॅनमधून पाहिल्या आणि २०२० च्या अखेरीस निष्कर्ष मांडला. तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाच्या नळ्यांचा आकार, मेंदूच्या एका भागाची ठेवण आणि दातांची घडण अशा अनेक बाबतींत लॅगरपेटिड हे टेरोसॉरशी जुळतात. पायांवर अवलंबून नसलेला पुरावा पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात हाती आला, आणि तोही डायनोसॉरांच्या शेजारीच बोट दाखवणारा. यातून आणखी एक गोष्ट निघते. हवेत तोल सावरायला उपयोगी पडणारी कान आणि मेंदूची जडणघडण पंखांच्या आधीच तयार होत होती. ती उडण्यासाठी आली नव्हती. पुढे उडताना कामी आली.

पाठोपाठ दोन साक्षीदार आले. स्कॉटलंडच्या एल्गिन भागातला वीतभर लांबीचा स्क्लेरोमॉक्लस १९०७ पासून संग्रहात होता. त्याची हाडं वालुकाश्मात विरघळून गेली होती आणि उरले होते फक्त त्यांचे पोकळ ठसे. शंभरेक वर्षं लोक त्या ठशांत साचे ओतून पाहत होते. २०२२ मध्ये दावीदे फोफ्फा यांच्या चमूने सूक्ष्म सीटी स्कॅन करून सांगाडा नव्याने उभा केला आणि तो याच शाखेच्या मुळाशी बसवला. २०२३ मध्ये ब्राझीलचा व्हेनेटोरॅप्टर आला. चोचीसारखं तोंड, लांब बोटं, मोठी नखं. म्हणजे टेरोसॉरचे हे भाऊबंद एका छापाचे नव्हते. वेगवेगळ्या धंद्यांत पडलेले होते. उडण्याकडे झुकलेला साक्षीदार मात्र अजून बाकी आहे.

आता घराण्याच्या आत शिरू. १९०१ मध्ये प्लीनिंगर या जर्मन अभ्यासकाने टेरोसॉरचे दोन ढीग केले आणि ते शतकभर पाठ्यपुस्तकांत राहिले. पहिल्या ढिगात लांब शेपटीचे, आखूड मानेचे, तळहाताची हाडं आखूड असलेले. ऱ्हॅम्फोऱ्हिंकस हा त्यांचा नमुना. शेपटीच्या टोकाला शंकरपाळ्याच्या आकाराचा पडदा. दुसऱ्या ढिगात आखूड शेपटीचे, लांब मानेचे, लांब तळहाताचे. त्यांचा नमुना टेरोडॅक्टिलस. दुसरा ढीग टिकला, कारण त्यातल्या सगळ्यांनी नवी लक्षणं वाटून घेतली आहेत. पहिला ढीग आता मोडीत काढला आहे. लांब शेपूट आणि आखूड मान ही जुनी मालमत्ता. जे दुसऱ्या ढिगात गेले नाहीत, ते सगळे उरलेसुरले तिथे कोंबलेले होते. त्यांच्यातले काही दुसऱ्या ढिगाच्या अगदी जवळचे, काही फार लांबचे. म्हणून आज त्यांना एक गट न म्हणता मुळाकडच्या अनेक फांद्या म्हणतात. तरीही ते जुनं नाव बोलण्यात अजून येतंच. सवय!

पण दोन ढिगांमधली दरी मोठी होती. शेपूट, मान, डोकं, हात, पायाची करंगळी असं सगळंच बदललेलं. हे बदल सगळे हळूहळू एकत्र झाले की एकामागून एक? २००९ मध्ये चीनच्या ल्याओनिंग प्रांतातून उत्तर आलं. ल्यू जुनचांग, डेव्हिड अन्विन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याचं वर्णन केलं. ते वर्ष डार्विनच्या जन्माचं द्विशताब्दी वर्ष, म्हणून नाव ठेवलं डार्विनॉप्टेरस. त्याचं डोकं मोठं, मान लांब, आणि नाकपुडी व डोळ्यापुढचं छिद्र मिळून कवटीत एकच मोठी खिडकी झालेली. म्हणजे मानेपर्यंत तो अगदी दुसऱ्या ढिगातला. मानेखाली मात्र लांब शेपूट, आखूड तळहात, पायाची लांब करंगळी, म्हणजे शुद्ध पहिला ढीग. दोन वेगळे सांगाडे कुणी जोडले असावेत, अशी शंका यावी इतका विजोड. पण तसे एकाहून जास्त सांगाडे मिळाले, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

अर्थ असा की नैसर्गिक निवडीचा दाब आधी डोक्या-मानेवर पडला आणि तो अख्खा भाग एकत्र बदलला. धड आणि शेपटीची पाळी नंतर आली. संशोधकांनी हे जाणूनबुजून जातीच्या नावातच नोंदवलं आणि तिला मॉड्युलॅरिस, म्हणजे सुट्या भागांनी बनलेली, असं म्हटलं. माझ्या मते टेरोसॉरच्या सगळ्या अभ्यासात यापेक्षा स्वच्छ पुरावा दुसरा नाही. २०२४ मध्ये पुढची पायरीही सापडली. बव्हेरियातल्याच स्किफोसौराचं डोकं-मान नव्या वळणाचं, तळहात बऱ्यापैकी लांबलेला, शेपूट आखूड झालेली पण अजून ताठ. डार्विनॉप्टेरस आणि टेरोडॅक्टिलस यांच्या मधोमध तो बसतो, आणि बदल कुठल्या क्रमाने झाले हे दाखवतो.

एवढं वाचून वाटेल की नवा सांगाडा मिळाला की वंशावळ सुधारत जाते. कधी कधी उलटही होतं: आहेत त्या जाती कमी कराव्या लागतात. झोल्नहोफेनच्या ऱ्हॅम्फोऱ्हिंकसच्या एकेकाळी पाच जाती मानल्या जात. ख्रिस बेनेट यांनी १९९५ मध्ये सगळे नमुने मोजले, तर ते आकारानुसार वेगवेगळ्या झुबक्यांत पडले. एकेका झुबक्याला जात मानलं गेलं होतं. प्रत्यक्षात ती एकाच जातीची एक वर्षाची, दोन वर्षांची अशी पिल्लं आणि मोठे प्राणी होते. टेरोडॅक्टिलसचंही तेच झालं. डझनावारी नावं गळून बहुतेक अभ्यासकांच्या मते खरी जात एकच उरली. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या खडूच्या खडकांतून टेरॅनोडॉनचे हजाराच्या वर नमुने मिळाले आहेत. त्यांत दोन प्रकार दिसतात: मोठे, लांब तुऱ्याचे; आणि लहान, छोट्या तुऱ्याचे पण रुंद कटीचे. या दोन जाती नव्हेत, नर आणि मादी आहेत, असं बेनेट यांनी मांडलं. २०११ मध्ये डार्विनॉप्टेरसचा एक सांगाडा अंड्यासकट मिळाला. डोक्यावर तुरा नाही, कटी रुंद. तर्काला इतका सरळ दुजोरा जीवाश्मांत क्वचितच मिळतो.

मुळात आपल्याला दगडात कोण भेटतं, हाही प्रश्न आहेच. झोल्नहोफेनला छोटे, बहुधा तान्हे टेरोसॉर भरपूर आणि अखंड सापडतात, मोठे मात्र तुकड्यांत. म्हणून ते छोट्या टेरोसॉरचं राज्य मानलं जाई. २०२५ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी टेरोडॅक्टिलसची दोन पिल्लं तपासली. पंखांचा विस्तार वीस सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि दोघांचंही दंडाचं हाड तिरकं मोडलेलं. वादळाच्या झोतात पंख मोडून ती खाजणात पडली, लगेच बुडून तळच्या चिखलात गाडली गेली आणि म्हणून टिकली, असा त्यांचा निष्कर्ष. धडधाकट मोठे प्राणी वादळातून निभावत. शांतपणे मरून पाण्यावर तरंगत कुजत आणि तुकड्या-तुकड्याने तळाला जात. वादळाने केलेली ही निवड आपण तिथली लोकसंख्या समजून बसलो होतो.

पुढच्या क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरयुगाच्या शेवटच्या टप्प्यात, दुसऱ्या ढिगातल्या शाखा अफाट फुटल्या. सगळ्यांची नावं देत बसत नाही. अर्जेंटिनातल्या टेरोडॉस्ट्रोच्या खालच्या जबड्यात हजाराच्या आसपास केसासारखे बारीक दात होते. पाणी गाळून खायची ती सोय. टेरॅनोडॉनने दात टाकूनच दिले आणि समुद्रावर मासे धरले. शेवटच्या मोठ्या शाखेचं नाव अझ्दार्किड. टेक्सासमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला १९७१ मध्ये सापडलेला क्वेत्झालकोआट्लस याच कुळातला. पंखांचा विस्तार दहा मीटरच्या घरात, उभा राहिला तर जिराफाच्या उंचीला टेकणारा. हे मासेमार नसून जमिनीवर चारी पायांनी चालत छोटे प्राणी टिपणारे असावेत, असा मार्क विटन आणि डॅरेन नेश यांनी २००८ मध्ये मांडलेला विचार आता बऱ्यापैकी रुजला आहे. टेरोसॉर जमिनीवर चारी पायांनीच चालत, हे पावलांच्या ठशांवरून सिद्ध झालं आहे.

याच कुळातल्या जॉर्डनच्या प्राण्याची गोष्ट सांगायलाच हवी. १९४० च्या दशकात रेल्वेच्या एका कामगाराला लांबलचक हाड मिळालं. आधी ते पंखाचं समजलं गेलं, मग मानेचा मणका निघाला. टायटनॉप्टेरिक्स असं दणदणीत नाव ठेवलं, तर ते नाव आधीच एका चावऱ्या माशीला दिलेलं निघालं! नियमाप्रमाणे माशीचा हक्क पहिला, म्हणून या महाकाय प्राण्याला अरांबुर्गियाना हे नवं नाव घ्यावं लागलं.

भारताच्या वाट्याला काय? गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. त्याच्या नावाने ओळखला जाणारा ज्युरासिक काळातला कोटा शैलसमूह नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. बारापासॉरस हा भारताचा प्रसिद्ध डायनोसॉर याच खडकांतला. १९७४ मध्ये सोहनलाल जैन यांनी इथल्या काही अवशेषांवरून कॅम्पिलोग्नॅथॉइडिस या युरोपीय टेरोसॉरची इंडिकस ही जात मांडली. पण अवशेष फारच अपुरे आहेत, आणि ते मुळात टेरोसॉरचे आहेत का, इथपासून नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. याच खडकांत माशांचे जीवाश्म मुबलक आहेत, म्हणजे ही हाडं माशाचीही असू शकतात, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

अंगावरच्या केसांसारख्या आवरणाचा वादही असाच अर्धवट आहे. १९७१ मध्ये कझाकस्तानच्या सॉर्डेसवर ते ठळक दिसलं. २०१८ मध्ये चीनमधल्या नमुन्यांवर फाटे फुटलेले तंतू दिसल्याचं जाहीर झालं, आणि ही पिसंच, असं काहींनी म्हटलं. पंखाच्या पडद्यातले तंतू कुजून उसवले असावेत, हे अन्विन आणि डेव्हिड मार्टिल यांचं उत्तर. २०२२ मध्ये ब्राझीलच्या टुपांडॅक्टिलसच्या तुऱ्याजवळ पुन्हा तसे तंतू मिळाले, त्यांत रंगद्रव्याचे वेगवेगळ्या आकारांचे कणही. हे खरं धरलं तर पिसांचं मूळ टेरोसॉर आणि डायनोसॉर यांच्या सामाईक पूर्वजापर्यंत मागे जाईल. पिसांचं पारडं जड दिसतं, पण मी पैज लावणार नाही.

राहता राहिला शेवट. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला तेव्हा टेरोसॉर आधीच उतरणीला लागले होते, पक्ष्यांनी त्यांची जागा घेतली होती आणि फक्त महाकाय अझ्दार्किड उरले होते, असं अनेक वर्षं लिहिलं जाई. २०१८ मध्ये मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींतून निक लाँगरिच, मार्टिल आणि ब्रायन आंद्रेस यांनी अगदी त्या शेवटच्या काळातल्या सात जाती मांडल्या, त्याही तीन वेगळ्या कुळांतल्या. उतरणीचं चित्र बरंचसं आपल्या हाती कमी दगड असल्यामुळे तयार झालं होतं. तरी त्या सातांत चिमणी-कबुतराएवढं कुणी नाही. छोटे टेरोसॉर खरंच संपले होते, की त्यांची जागा मोठ्या जातींच्या पिल्लांनी व्यापली होती, की ती पातळ हाडं टिकलीच नाहीत, यावर अजून खोदकाम चालू आहे.